बाबांच्या खालची फांदी

बाबांना जाऊन वर्ष होईल त्या दिवशीच्या जेवणाला घराण्याचा संजिरा भिंतीवर लावायचा, असं एसेनबेककाकांनी ठरवलं. ही वंशावळ बाबांनीच कॉम्प्युटरमध्ये भरली होती. नारिन शहरातल्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा तोच उद्योग होता. ते गेल्यावर काम काकांच्या मुलाकडे, मेदेरकडे आलं. त्याने नवी जन्मलेली बाळं भरली, बाबांच्या मृत्यूची तारीख भरली, आणि काकांच्या सांगण्यावरून सगळ्या मुली काढून टाकल्या. संजिऱ्यात मुली लिहायच्या नसतात.

बाबांना मी एकटीच. आता त्यांच्या नावाखाली काहीच उरलं नव्हतं. पाहणाऱ्याला वाटलं असतं, हा माणूस निर्वंश गेला.

बाबांनी स्वतः घेतलेला बॅकअप माझ्याकडे होता. तो घेऊन मी काकांकडे गेले.

“संजिऱ्यात मुली?” काकांनी बोर्सोक, तळलेल्या पिठाचा तुकडा, चहात बुडवला. “उद्या मेंढ्या घालशील.”

“मेंढ्या तुम्हाला एकूणएक ओळखता येतात, काका. चुलत बहिणींची नावं सांगा बघू.”

काकू डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून हसल्या. काका बोर्सोक खात राहिले.

“एजे, हा पूर्ण बॅकअप चढवला तर आत्ताचं सगळं पुसून जाईल,” मेदेर म्हणाला. मी मोठी, म्हणून तो मला एजे, म्हणजे ताई, म्हणतो. “नंतर भरलेली बाळंही. आमचा एर्निस्त पण.”

“तो कुठे भांडायला येतोय.”

“तो नाही. त्याची आई येईल.”

“मग आहे त्यात मिसळ. कुणाला पुसू नकोस.”

नसलेली नावं आपसूक परत येऊ लागली. आत्या, चुलत बहिणी, आजोबांच्या बहिणी. काका चष्मा चढवून पुढे सरकले.

“सालिमा? तिलाही घातलं होतं त्याने?”

“कोण सालिमा?” मेदेरने विचारलं.

“आमची धाकटी बहीण. चालायला लागली आणि गेली.” काकांनी चष्मा काढला. “राहू दे. सगळ्याच राहू देत.”

जी माणसं दोन्हीकडे होती, त्यांची कुठली नोंद ठेवायची ते कॉम्प्युटर विचारत होता. ज्यांच्या मुली गाळल्या होत्या त्यांची जुनी, बाकीच्यांची नवी, असं मेदेर भराभर निवडत गेला. बाबांपाशी थांबला. नव्या नोंदीत मृत्यूची तारीख होती, खाली मी नव्हते. जुनीत मी होते, आणि बाबा हयात होते.

“एकच राहते, एजे.”

“जुनी ठेव.”

बाबांचं नाव आलं. जन्मतारीख, पुढे रिकामी जागा, खाली मी.

“तारीख घालू मी?” मेदेरने हळूच विचारलं.

“नको. सरक जरा.”

त्याने खुर्ची दिली. मी दिवस लिहिला, मग महिना.

“चहा गार झाला तिचा, दुसरा आणते,” काकू म्हणाल्या.

“थांब,” काका म्हणाले. “तिचं लिहून होऊ दे.”