घरचा धूर

आज संध्याकाळी सात वाजता माझा आकडा चढला. अंजनाने नेहमीसारखं मोबाइलवर 'घरचा धूर' दाबलं आणि ती कणीक मळायला बसली.

मित्रांनो, मी हवेतला धूर मोजणारा एक जुना डबा आहे. अंबरनाथ एमआयडीसीच्या कडेला, एका चाळीत अंजनाच्या खिडकीच्या गजाला बाहेरून बांधलेला. विठ्ठलवाडीपासून कात्रपपर्यंत माझ्यासारखे डबे लोकांनी हौसेने घरी लावले आहेत. निवृत्त शिक्षिका भावना मॅडमनी या लोकांचा एक गट जमवला आणि आम्हाला एकमेकांशी जोडलं. आमचे आकडे हवेच्या अभ्यासाला जातात. एखादा आकडा फार चढला, तर सगळ्या गटाच्या मोबाइलवर इशारा वाजतो आणि कारखान्यांच्या गेटवर फोन जातात.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. अंजनाचा नवरा भीमराव जवळच्याच केमिकल कंपनीत सेकंड शिफ्टला असतो. तो म्हणायचा, "मी घरी आलो की ही आधी डब्याचं तोंड बघते, मग माझं." पुढे मी सवयीचा झालो. जाळीवर तेलकट धूळ साचली, ती कुणी पुसली नाही.

या घरात रोज सातला बुद्धवंदना होते, अगरबत्ती लागते. तिचा धूर अभ्यासात मिसळू नये म्हणून 'घरचा धूर' दाबायचं असतं. मग तो आकडा बाजूला पडतो आणि इशारा वाजत नाही. पूर्वी अंजना अगरबत्तीकडे बघून दाबायची. हल्ली घड्याळाकडे बघून दाबते.

आज तिला सर्दी आहे, वास येत नाही. माझ्या शेजारच्या कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं कडेने वळली आहेत. तारेवरचे कावळे मघाशीच उठून गेले. मला हाक मारता येत नाही.

क्लासहून आलेली अस्मिता दारातच खोकली. "आई, कसला वास हा? डोळे झोंबतायत."

"अगरबत्तीचा असेल."

"कुठंय अगरबत्ती? पुडा तर फोडलेलाच नाही."

अंजनाने बुद्धमूर्तीकडे पाहिलं. मग पिठाच्याच हातांनी मोबाइल उचलला, 'घरचा धूर'ची खूण काढली. इशारा आता वाजला.

मित्रांनो, आमची जाळी पुसा. आणि बटण दाबण्याआधी एकदा घरात नजर टाका. धूर कुणाचा आहे, ते मला कळत नाही. ते तुम्हीच सांगायचं असतं.

भावना मॅडम भीमरावच्या कंपनीच्या गेटवर फोन लावत आहेत, तिथे कुणी उचलत नाही. भीमरावच्या मोबाइलची रिंग पूर्ण वाजून थांबते. अंजना पुन्हा लावते. अस्मिताने खिडकी घट्ट लावून घेतली आहे. मी बाहेर आहे. आकडा अजून चढतो आहे.