मी कोव्रानची बेवारस होडी नव्हे

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. पण बेवारस नाही. हे आधीच सांगते, कारण त्या एका शब्दाने माझं ओलं लाकूडसुद्धा पेटतं.

रशियाच्या पार पूर्व टोकाला, कोव्रान नदीकाठचा उंच पॉप्लर वृक्ष हे माझं माहेर. निकिफोर नावाच्या कोळ्याने त्यातून मला कोरलं, पोटात पाणी भरून तापलेले दगड सोडले, तशी मी हळूहळू रुंदावले. मग कितीतरी उन्हाळे त्याची मासळी वाहिली.

आमच्या इतेल्मेन लोकांची एक रीत आहे. होडी फुटली, कुत्रं हरवलं, तर बोलणारा क्रियापदाच्या शेपटाला धन्याची खूण बांधतो. मग नुकसान कुणाचं, ते त्या एका शब्दातच कळतं. माझा तळ पहिल्यांदा चिरला, तेव्हा बायका ‘फुटली’ म्हणाल्या ते शब्दाला निकिफोरची खूण बांधून. मला राग आला. चीर माझ्या अंगाला आणि हळहळ त्याची! पण तोच शब्द ऐकून सगळं गाव चीर बुजवायला राळ घेऊन धावत आलं, आणि माझा राग विरघळला.

निकिफोर गेला. खूण त्याच्या बायकोकडे, अग्राफेनाकडे आली. गावातली मुलं मात्र रशियन निवासी शाळेत गेली, आणि तिथे आपली बोली ओठावर आली की छडी बसायची. कोणत्या गुन्ह्याची? आजवर कुणी सांगितलेलं नाही.

यंदा उत्सवाच्या मांडवासाठी चार तरुण करवत घेऊन आले. मला अर्धी कापून शोभेला उभी करायची म्हणे! त्यांतला ग्रीशा रशियनमध्ये म्हणाला, “कुणाची नाही ही. कुजतेय नुसती.”

अग्राफेना आज्जी काठी टेकत आली. ‘कापताय’ एवढंच बोलली, पण आपल्या बोलीत, शेपटाला स्वतःला बांधून.

ग्रीशा हसला. “आज्जी, होडी कापतोय, तुला नाही. तुझ्यात फळी तरी निघेल का?”

“मेल्या, हिच्यातल्या मासळीवर तुझा बाप जगला.”

तेवढ्यात आज्जीची नात ग्लाफिरा माझ्यात येऊन बसली. तोच शब्द तिने अडखळत उच्चारला. खूण मात्र साऱ्यांची बांधली.

“म्हणजे काय?” ग्रीशाने विचारलं.

“म्हणजे करवत चालवलीस, तर ती आपल्यालाच लागेल. तुलासुद्धा.”

करवत जमिनीवर ठेवली गेली. ग्रीशा बराच वेळ माझ्या जुन्या चिरेवरून बोट फिरवत राहिला, आणि मग राळ आणायला गेला.

मित्रांनो, काही मोडलेलं दिसलं तर नुसतं ‘मोडलं’ म्हणू नका. कुणाचं मोडलं, ते आधी विचारा.