त्यासनं फूल

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. अख्ख्या म्हसावदात माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा एकच जीव होता, आमचा ढवळ्या बैल, आणि तो बहिरा होता. पण जगातल्या एका फुलाला माझ्या थोरल्या भावाचं नाव आहे. सुपडू. विलायतेत छापलेल्या पुस्तकात, सोनेरी अक्षरांत.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर ऐकायला दोघंच होते. एक मदनलाल, दुकानाला कुलूप घालून आलेला. दुसरी धनुवहिनी, सुपडूदादाची विधवा, शेंगदाणे पाखडत बसलेली.

"लोटनकाका," मदनलाल म्हणाला, "मागला वरीस तं बैल मुका व्हता."

"मुका दुसरा. हा बहिरा."

वहिनी हसली नाही. या गोष्टीला ती कधीच हसत नाही. दादा गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पोटी मूल नाही, दादाची कुठं तसबीर नाही. दरवर्षी आषाढात ती एकदाच विचारते, "लिखं का रे भाऊ, नाव?" आणि मी म्हणतो, "लिखं, वहिनी." तेवढ्यावर तिचं वर्ष निघतं.

तिनं स्वतः ते नाव कधी घेतलेलं नाही. नवऱ्याचं नाव बायका घेत नाहीतच, पण हिचं पथ्य फार कडक. दादाचं पागोटं म्हणजे 'त्यासनं पागोटं', दादाचा विळा म्हणजे 'त्यासना विळा'. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून दादाला जन्मताच सुपात घातला होता, त्यावरून सुपडू. म्हणून वहिनी हातातल्या सुपालासुद्धा सूप म्हणत नाही. 'पाखडनं' म्हणते.

तर संवत छप्पनचा दुष्काळ सरून दहा-बारा वर्षं झाली होती. पुण्याकडच्या एका कॉलेजातले आठल्ये मास्तर गाडीभर टिपकागद घेऊन म्हसावदला उतरले. त्यांना तोरणमाळावरची झाडंझुडपं गोळा करायची होती. दादा आणि मी त्यांचे हमाल झालो. फूल कागदात दाबायचं, कागद ओला झाला की निखाऱ्यावर भाकरीसारखा शेकायचा, पुन्हा दाबायचं. सात दिवस हेच.

मास्तरांचा जीव एकाच गोतावर, बहुतेक झाडाच्या खोडावर उगवणाऱ्या फुलांवर. आम्ही त्यांना बांडगूळ म्हणत होतो. मास्तर चिडले. "बांडगूळ झाडाचं रक्त पितं. ही आमरी, साहेबाच्या भाषेत ऑर्किड. ही नुसती बसते, मुळं वाऱ्यावर सोडते, पावसाचं पाणी पिते. हिचं झाडाकडं काही मागणं नाही."

"म्हंजे पाव्हनी," दादा म्हणाला.

मास्तरांनी त्याच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं.

मग त्यांनी राणीपूरच्या मुक्कामात दोन चादरी अंथरल्या. झाडावरच्या आमरी एकीवर, मातीतल्या दुसरीवर. त्यांतही पुन्हा घरं, घरांत भावबंद. पान बघू नका, म्हणाले, पान फसवतं. फूल बघा. तीन पाकळ्या बाहेर, तीन आत, आणि आतल्यांतली एक निराळी, तिला ओठ म्हणायचं. ओठावरून कूळ कळतं. पराग धूळ नसतो, मोहरीएवढ्या दोन पिवळ्या गोळ्या असतात. माशी आत शिरली की तिच्या कपाळाला चिकटतात, आणि ती टिळा लावून दुसऱ्या फुलाच्या दारी जाते. अशा जाती जगात पंधरा हजार.

"काका, आते बस करा," मदनलाल म्हणाला. "टिळा लावनारी माशी!"

आता बघा. मी ढवळ्याएवढं फूल सांगितलं असतं तर त्यानं मान डोलावली असती. आणि हे शब्दन् शब्द खरं आहे.

दादाला अक्षर येत नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी मास्तर झोपेतून उठेपर्यंत त्यानं सगळ्या आमरी ओठ बघून लावून ठेवल्या होत्या. मास्तरांना फक्त एक हलवावी लागली. दुपारी तीही त्यांनी परत दादानं ठेवली होती तिथंच ठेवली.

सातव्या दिवशी सीताखाईच्या कडेला, सादड्याच्या उंच फांदीवर दादाला एक तुरा दिसला. फिकट पिवळा, ओठावर तांबड्या रेघा. मास्तर दुर्बीण लावून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ही माझ्या एकाही चादरीवर बसत नाही."

चढायची पाळी माझी होती. मी म्हणालो, पाय मुरगळलाय. मुरगळला नव्हता. हे वाक्य मी ओट्यावर नेहमी गाळतो. तिथं मी सांगतो की सादडा आपण होऊन वाकला, दादानं फूल खुडलं, आणि झाड सरळ होताना त्याला आभाळात घेऊन गेलं.

शेवाळानं फांदी निसरडी झाली होती. आम्ही दरीत उतरून त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा तुरा त्याच्या मुठीत होता. एकही पाकळी चुरगळली नव्हती.

"तेराव्याला मास्तर आले," मी ओट्यावर पुढं सांगू लागलो. "हाच ओटा. कागदावर दादाचं फूल चिकटवलेलं. खाली गाव, तारीख, झाड, सगळं लिहिलेलं. एकच ओळ कोरी होती, फुलाच्या नावाची. सात दिवस त्यांनी दादाला 'गडी' म्हणूनच हाक मारली होती. विचारलं, नाव काय? वहिनी कशी सांगणार? तेव्हा मी पुढं झालो. छाती काढून म्हणालो, सुपडू! मास्तरांनी टोपी काढली आणि लिहिलं. वर्षभरानं विलायतेहून पुस्तक आलं, पाटाएवढं..."

पाखडण्याचा आवाज थांबला.

"काय व वहिनी?" मी म्हणालो. "इचार ना. लिखं का नाव म्हनीसन इचार."

"नई इचारस," वहिनी म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं. "थाप शे ती, लोटनभाऊ."

मदनलाल गालातल्या गालात हसला.

"तू ओटावर नव्हताच. तू गोठामा पडेल व्हता, कडबामा तोंड खुपशीसन. तेरा दिन तुन्हा तोंडमाईन शबद निंघना नई. मास्तरनी नाव इचारं ते माले. मी पदर पुढे वढा नि सांगं, 'त्यासनं'. मास्तरनी तेच लिखं. 'त्यासनं'. फूलनं नाव समजीसन लिखं, कागद गुंडाळा नि गाडीमा बसनात."

"वहिनी..."

"मी दरसाल इचारस, का तू तरी मांगून जाईसन मास्तरले खरं नाव सांगं व्हई. पुस्तक नई, सोनं नई. एकदाव खरं सांग. कोन्ही सांगं मास्तरले?"

मी सूप पुढ्यात ओढून शेंगदाणे निवडायला लागलो.

"कोन्हीच नई," ती म्हणाली, आणि मग मोठ्यानं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "सुपडू. सुपडू हाई नाव त्या दिन आठे कोन्हीच घिदं नई."