दोन देशांत राबलेली सिरिंज

मी एक जुनी, धातूची सिरिंज आहे, मित्रांनो. अंगावरचे आकडे झिजले, पण राग काही झिजला नाही.

माझा जन्म डेन्मार्कचा. तिथल्या गोठ्यात मी सात वर्षं राबले. जनावरांच्या डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय तिथे प्रतिजैविकांचं, म्हणजे रोगजंतू मारणाऱ्या औषधांचं, कपाट उघडत नसे. टोचलेल्या गाईच्या पायाला लाल पट्टी बांधत आणि दुधात औषध उतरतं म्हणून ठरलेले दिवस तिचं दूध सरळ गटारात ओतत. हे शहाणपण काही उपजत नव्हतं हं! पूर्वी धडधाकट डुकरांनाही वजन वाढावं म्हणून तेच औषध चारत. जंतू औषधाला दाद देईनात, अंगाशी आलं, मग कायदे केले.

मी जुनी झाले, तशी मला टांझानियात धाडलं. लोंगिडोच्या बाजारात, मिठाच्या नि चपलांच्या शेजारी, तसल्याच बाटल्यांसोबत मला मांडलं होतं. ना चिठ्ठी, ना कुलूप. सिरोंका नावाच्या मासाई गुराख्याने मला उचललं.

"किती टोचायचं, भाऊ?"

"अंदाजाने दे रे! उरलं तर दुसरीला दे. तीही लाजणार नाही," दुकानदार हसला.

चीड येते मला! बाटलीवर सगळं छापलेलं होतं, पण सिरोंकाला न येणाऱ्या भाषेत.

गाय जरा सुस्तावली की तो मला भरायचा. थोडं हिला, थोडं तिला. अशा अर्धवट औषधाने रोगजंतू मरत नाहीत, निर्ढावतात. दूध टाकून द्यायचं तर नावच नको. "दूध मातीत ओतता? गुरं शाप देतील!" त्याची म्हातारी आई कडाडायची. मग ते कच्चं दूध, निर्ढावलेल्या जंतूंसकट, त्याच्या दीड वर्षांच्या लेकीच्या, नासिएकूच्या, पोटात जायचं.

एकदा नासिएकूला जुलाब लागले, ताप चढला. दवाखान्यातलं औषध त्याच जातीचं. ते लागू पडेना. दुसरंही हरलं. पाचव्या दिवशी सिरोंकाची पोर गेली.

पुढच्या महिन्यात पशुखात्याचे एक साहेब आले. कोणता देश जनावरांना किती औषध देतो, याचा तक्ता त्यांनी झाडाला टांगला. टांझानियाच्या ओळीत आमच्या गुराख्यांची जागा कोरी होती.

"इथला आकडा मिळालेला नाही," साहेब म्हणाले.

नासिएकूची आई ताडकन उठली. "मिळालेला नाही? घ्या की! एक. माझी नासिएकू. लिहा!"

तिने नवऱ्याच्या कमरेची पिशवी ओढली आणि मला त्यांच्या पुढ्यात आपटलं.

"ही घेऊन जा, साहेब. आणि औषध मोजून देणारा माणूस पाठवा. आमच्या भाषेत बोलणारा."

साहेबांनी मान डोलावली, मला उचललं. आता मी त्यांच्या कचेरीत काचेच्या कपाटात आहे. रोज पुसतात मला. मित्रांनो, मला पुसू नका, माणूस पाठवा! तो अजून गेलेला नाही.