आईचा दुभाष्या

"नातेवाईक मनाचं काहीतरी सांगतात," असं म्हणून डॉक्टरांनी मला गप्प बसवलं आणि आईसाठी दुभाष्या मागवला. आला तो तेलुगूवाला! आईचं मांडीचं हाड मोडलेलं, आणि दुखायला लागलं की ती फक्त वडारी बोलते.

"बाईंचं तेलुगू फार अशुद्ध आहे हो," दुभाष्या म्हणाला.

"अहो, ते तेलुगू नाहीच, वडारी आहे. तेलुगूची सख्खी बहीण म्हणा हवं तर, पण वेगळी."

"म्हणजे तेलुगूच की, बिघडलेलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा शहाणा आईच्या कानाशी ओरडत होता, जणू तिचं हाड नाही, कानच गेलेत. आणि आई? एकेक शब्द सुटा करून, मांडीवर बोट ठेवून, तान्ह्या बाळाला समजवावं तसं त्याला सांगत होती. औषधाची गुंगी असणार, दुसरं काय!

तो गेल्यावर ती म्हणाली, "बिचाऱ्याला लहानपणी कुणी धड बोलायला शिकवलंच नाही गं. उद्या परत बोलव त्याला. मी शिकवते."

"त्याची काय गरज आहे? मी आहे ना!" मी वैतागले. "मला तुझं सगळं कळतं."

"कळतं गं," आई म्हणाली. "पण ऐकतेस माझ्या भाषेत आणि उत्तर देतेस डॉक्टरच्या भाषेत. तो मोडकंतोडकं का होईना, बोलतो तरी."