मयत विश्वस्त क्रमांक सात

मी मेलेली आहे हे मला सरिताने वाचून दाखवलं. गिरणीत बाजरी चालू होती, त्या आवाजात तिला दोनदा वाचावं लागलं.

सरिता आमच्या पांझरा बालवीर मंडळाची गाईड कॅप्टन. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं पावरा आदिवासींचं गाव. बाप रुपसिंग पावसाच्या भरवशावर शेती करतो आणि मोहाच्या दिवसांत मोहफुलं वेचतो. पोरगी शिकली, धुळ्यात एका शाळेत आठ हजारावर शिकवते. रविवारी हायवेच्या मैदानावर तीस-एक मुलींना गाठी मारायला आणि तंबू ठोकायला शिकवते, त्याचे तिला पैसे मिळत नाहीत. माझी नात हर्षिता तिच्याच पथकात आहे. मुलगे आता येत नाहीत, ते क्लासला जातात.

मैदान माझ्या बापाचं, तोताराम गुरुजींचं. अडुसष्ट साली त्यांनी ती दोन एकर खडकाळ जागा मंडळाला बक्षीस दिली तेव्हा लोक हसले होते. बाभळीशिवाय तिथे काही उगवत नव्हतं. आता एका बाजूला पेट्रोल पंप आहे, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरची शोरूम, आणि मधल्या जागेवर माझ्या भाच्याचा, लीलाधरचा डोळा. त्याला तिथे लग्नाचं लॉन काढायचं होतं. कारंज्यासह.

"ताईबाई, फाटकावर नोटीस लावलीय," सरिता म्हणाली. "लीलाधरभाऊंनी धर्मादाय कार्यालयात अर्ज केलाय. सातही विश्वस्त मयत, कामकाज बंद, म्हणून मंडळाची नोंदणी रद्द करा."

"रद्द झाली तर काय होईल?"

"बक्षीसपत्रात अट आहे. मंडळ बंद पडलं तर जमीन गुरुजींच्या वारसांना परत. हरकत घ्यायला तीस दिवस आहेत. पण घेणार कोण? मी तर विश्वस्त नाही. जे होते ते सगळे..."

"नावं वाच."

तिने वाचली. पहिलं बापाचं. मग डॉक्टर, कापडवाले, हेडमास्तर, सगळे गेलेले, प्रत्येकाच्या दारावर मी जाऊन आलेली. सातवं नाव आलं, कुमारी कस्तुरा तोताराम देवरे, मयत.

मी गिरणीचा पट्टा उतरवला. बाजरीवाला गिऱ्हाईक तोंडाकडे बघायला लागला.

"कस्तुरा म्हणजे मीच शे," मी म्हटलं.

सरिता ओट्यावर बसली.

आमच्यात लग्नात सुनेचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने 'ताईबाई' लिहिलं, त्या दिवसापासून सासरी कस्तुरा म्हणणारं कोणी उरलं नाही. आईबाप होते तोवर त्यांच्या तोंडी होतं, मग तेही नाही. आणि विश्वस्त कशी झाले म्हणाल, तर मंडळाच्या कागदाला सात सह्या हव्या होत्या. सातवे गृहस्थ ऐन वेळी बदली होऊन चाळीसगावला गेले. मी चहा घेऊन बैठकीत आले तर बाप म्हणाला, कस्तुरा, इथे सही कर. मी चौथी पास, अठरा वर्षांची. सही केली आणि कपबशा उचलून आत गेले. तो कागद कशाचा, हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

बाप मोठा माणूस, त्यात वाद नाही. चाळीस मुलांना घेऊन तो दरवर्षी शिबिराला जायचा आणि त्या चाळीस मुलांच्या भाकरी मी थापायचे. एकदा म्हटलं, नाना, मलाही स्कार्फ द्या. तर म्हणाले, मुलीच्या जातीने स्कार्फ घालून जायचं कुठे? मी परत चुलीपाशी गेले. ते मी अजून विसरलेले नाही.

"म्हणजे ताईबाई, तुम्ही जिवंत आहात," सरिता म्हणाली.

"एवढी शिकलीस ते वाया नाही गेलं, पोरी. चल, हरकत लिही, मी सही करते. कस्तुराची करते."

हरकत दिल्याचं लीलाधरला कळायच्या आतच तो माझ्याकडे आला. हातात साडीचा खोका.

"फुई, तब्येत कशी शे?" आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात, आणि काम असलं की जरा जास्तच गोड म्हणतात.

"कोणाचं लग्न काढलं?"

"लग्न नाही फुई, सहजच. दादांची आठवण आली."

"तुझ्या बापाला जाऊन अकरा वर्षं झाली. रस्ता चुकली होती का आठवण?"

तो हसला. मग खिशातून घडी केलेला कागद काढला. हक्कसोडपत्र. जमीन वारसांकडे परत आली तर बापाची मुलगी म्हणून माझाही वाटा निघतो, तो मी राजीखुशीने सोडते, असं त्यात. "बहिणी सोडतात फुई, आपल्यात रीतच शे. तू शेताला सोडलाच होता ना."

सोडला होता. न वाचता सोडला होता, एका साडीवर. तेव्हा भावाने पाठवलेला माणूस माझा चहा न पिता गेला होता, बसची वेळ झाली म्हणून.

"ठेवून जा," मी म्हटलं. "वाचून सही करते."

"तू केव्हापासून वाचायला लागली?"

"मरायच्या आधी एकदा वाचून पाहते म्हटलं."

त्याला ते कळलं नाही. उठता उठता म्हणाला, "तसंही त्या मैदानावर काय चाललंय ते तुला माहीत नाही. वाढत्या पोरी फुलपँटी घालतात, शिट्ट्या मारतात, डोंगरातल्या पोरींसोबत एका पातेल्यातलं खातात. तुझ्याच गल्लीतल्या बायांनी माझ्या अर्जावर सह्या केल्यात."

"हर्षितापण मारते शिट्टी. तुझ्या बापाला जन्मात वाजवता आली नाही."

तो गेल्यावर सून ज्योत्स्नाने मला कागद वाचून दाखवला. मी लहान अक्षर वाचत नाही, चष्मा असला तरी. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, "आई, हे बघा." मग आम्ही दोघी तिथेच पिठाच्या पोत्यांवर बसून इतक्या हसलो की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला.

सुनावणीला मी इस्त्रीचं लुगडं नेसून गेले. सरिता सोबत होती. वकील आम्ही केला नाही, पैसे नव्हते, आणि बोलायला मला माणूस लागत नाही. लीलाधरचा वकील मात्र होता, तरुण, केसांना तेल चोपडलेला. खुर्चीवर बाई अधिकारी.

"हरकतदार कोण?" बाईंनी विचारलं.

"मी. मयत विश्वस्त क्रमांक सात."

लिहिणाऱ्या कारकुनाने मान वर केली.

वकील उभा राहिला. म्हणाला, या ताईबाई रुपचंद पाटील, कस्तुरा तोताराम देवरे ही वेगळी व्यक्ती, ती अविवाहित असताना वारली असावी. दोघी एकच असल्याचा काही पुरावा?

पुरावा कुठला असणार? शाळा पडली, दाखला नाही. लग्न मांडवात झालं, कचेरीत नाही. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. सरिताचा चेहरा उतरला. मी पिशवीतून लीलाधरचा कागद काढून पुढे ठेवला.

बाईंनी तो मोठ्याने वाचला. "लिहून देणार, ताईबाई रुपचंद पाटील, माहेरचे नाव कस्तुरा तोताराम देवरे, वय पंचाहत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार सहावी गल्ली, धुळे." मग त्यांनी कागद उलटा केला. "वकीलसाहेब, मसुद्यावर शिक्का आपलाच ना?"

वकिलाने लीलाधरकडे बघितलं, लीलाधरने पंख्याकडे.

"वाटा सोडवायला बाई हयात आणि मंडळ बंद करायला तीच बाई मयत," बाई म्हणाल्या. "तारीख दोन्ही कागदांवर एकच आहे."

लीलाधरने दोन्हींवर न वाचता सह्या केल्या होत्या. वारसांच्या यादीसाठी त्याच्या आईने माझं माहेरचं नाव सांगितलं होतं, विश्वस्तांची यादी जुन्या दप्तरातून आली होती, आणि दोन्हींमधली बाई एकच आहे हे कोणी ताडून पाहिलं नाही. वाचायची सवय आमच्या माहेरी बापापाशीच थांबली.

बाई माझ्याकडे वळल्या. "आजी, सहा विश्वस्त गेले. एकाही वेळी बदल अर्ज का दिला नाही?"

"साहेब, कोणी गेलं की आम्ही दारावर जातो, तेराव्याला जेवतो. इथे कळवायचं असतं हे कोणाला माहीत होतं?"

त्यांनी तोंडावर रुमाल धरला. रुमाल काढला तेव्हा चेहरा पुन्हा सरकारी झाला होता. म्हणाल्या, विश्वस्त हयात आहे एवढं सिद्ध झालं. पण मंडळ चालू आहे का, हा दुसरा मुद्दा. तीन वर्षांत एकही शिबिर नाही. तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी आठ वाजता निरीक्षक मैदानावर येतील. शिबिर दिसलं तर ठीक, नाही तर अर्ज मंजूर.

बाहेर आल्यावर सरिता म्हणाली, "ताईबाई, शिबिराला तंबू लागतात. जुने उंदरांनी खाल्लेत. पैसे कुठले?"

"देणगी मागू?"

"नाही," ती म्हणाली. हळू बोलणारी पोरगी, पण हे एकदम बोलली. "स्काउटमध्ये खरी कमाई असते. मुलींनी काम करून कमवायचं."

मग गिरणीच्या गच्चीवर खरी कमाई सुरू झाली. ज्वारी मी दळून दिली, तिच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, मुलींनी घातल्या. सरिताच्या गावच्या, वसतिगृहात राहणाऱ्या नऊ मुली आणि गल्लीतल्या बावीस. पहिल्या दिवशी बिबड्या अशा निघाल्या की कावळ्यानेही तोंड लावलं नसतं. तिसऱ्या दिवशी आग्रा रोडवरचे दुकानदार घरी न्यायला लागले. धान्यवाल्या पारस शेठने चाळीस किलो एकदम उचलल्या, भावात घासाघीस केली, हर्षिताने एक रुपया सोडला नाही. नवे तंबू सहा आले.

पैशाचं सुटलं, तर आया अडल्या. मंदाबाई पुढे, मागे आठ-दहाजणी, सगळ्या माझ्या ओट्यावर. लीलाधरच्या अर्जावर सह्या यांच्याच.

"ताईबाई, दिवसा ठीक शे," मंदाबाई म्हणाली. "पण वयात आलेल्या पोरी रात्री उघड्यावर? आणि त्या पावरांच्या पोरी रांधतील ते खायचं?"

"मंदे, तू पंचवीस वर्षं इथे दळण आणते. तुझ्या आधी जात्यात कोणाचं दळण पडलं, कधी विचारलं?"

तिने डबा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"प्रत्येक दळणात आधीच्याचं मूठभर पीठ मिसळतं. सांगू का कोणाकोणाचं खाल्लं आजवर? मला बठ्ठं, अगदी एकूण एक, पाठ शे."

दोघीजणी हसल्या. मंदाबाई नाही हसली. "आणि रात्रीचं काय?"

"रात्री पहिल्या तंबूच्या तोंडाशी मी झोपणार. काठी घेऊन. माझ्या अंगावरून कोण जातो ते बघू."

"तुम्ही? या वयात? जमिनीवर?"

"मी कागदावर मेलेली बाई. मला काय होतंय?"

ज्योत्स्ना म्हणाली, आई, गुडघे. मी म्हटलं, गुडघ्यांना विचारलंय, येतो म्हणाले.

शनिवारी दुपारी तंबू ठोकले. एकतीस मुली, एकही घरी राहिली नाही. संध्याकाळी सरिताने सगळ्यांना गोल उभं केलं, कारण दोन नव्या मुलींना वचन द्यायचं होतं. दोघींचं झालं, तेव्हा तिने तिसरा स्कार्फ काढला आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी काठी हर्षिताकडे दिली आणि तीन बोटं वर केली. वचन मला पाठच होतं. चूल फुंकत चाळीस मुलांकडून किती वर्षं ऐकलेलं. सरिताने मागून सांगायला तोंड उघडलं, पण तिला एक शब्दही सांगावा लागला नाही. स्कार्फ तिने गळ्यात अडकवला तेव्हा माझी मान जरा ताठ झाली असेल. असू दे. मान माझी आहे.

रविवारी आठला पाच मिनिटं कमी असताना निरीक्षक आले. झेंडा चढला. त्यांनी दोऱ्या ओढून पाहिल्या, हजेरीपुस्तक पाहिलं, वसतिगृहातल्या मुलींनी केलेला भरीत-भाकरीचा नाश्ता केला आणि आणखी एक भाकरी मागितली. लीलाधर फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा होता, आत यायचं त्याला सुचत नव्हतं. मीच हाक मारली, "ये रे, तूही खा. कारंजा नाही, पण भाकरी शे."

तो आला. खाली मान घालून दोन भाकरी खाल्ल्या. माझा भाचा आहे, भूक तरी घराण्याची आहे.

"अध्यक्ष कोण?" निरीक्षकांनी विचारलं.

"मी. दुसरं उरलंय कोण? दोन्ही नावं लिहा, साहेब. जागा पुरत नसेल तर अक्षर बारीक काढा."

दहा दिवसांनी निकाल आला. अर्ज फेटाळला, मैदान मंडळाचंच. त्याच दिवशी आम्ही बदल अर्ज भरला. माझ्यासकट सात नावं: सरिता, ज्योत्स्ना, रुपसिंगभाऊ, पारस शेठ, सरिताच्या शाळेतल्या एक शिक्षिका, आणि सातवी मंदाबाई. तिनेच येऊन विचारलं होतं. म्हणाली, माझ्या पोरीला शिबिरातून आल्यापासून घरात झोप येत नाही, गरम होतं म्हणते. पुढच्या शिबिराला मीही येते.

मी म्हटलं, ये, पण तंबू तुझा तुला ठोकावा लागेल. आणि इथे सही करण्याआधी कागद पूर्ण वाच. ती अर्धा तास वाचत बसली. मी तोवर तिचं दळण लावलं.