बिनआवाजी बुटांचा डावा पाय

मी एक जुना लाकडी पाय आहे. डावा. हसू नका मित्रांनो, माझ्यामुळे कुणी लंगडे झालेले नाही. बूट बनवणारे मला फर्मा म्हणतात. बूट शिवताना चामडे माझ्यावर ताणून बसवतात आणि बूट तयार झाला की मला आतून ओढून काढतात. बूट गावभर फिरतो, मी खुंटीवर परत येतो. उजवा भाऊ शेजारच्या खुंटीवर असतो. तो माझ्यापेक्षा थोडा लहान आहे, आणि त्याला कारण आहे.

आम्ही दोघे एकाच माणसासाठी कोरले गेलो. ती लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स होती. तिचे पाय कधी एका जागी ठरत नसत, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. जन्मापासून तिचा डावा पाय उजव्याहून मोठा होता. बाजारातला जोड घेतला की एक बूट चावायचा, नाहीतर दुसरा फटफट वाजायचा. नोकरी लागली त्याच आठवड्यात ती आमच्या मास्तरांच्या दुकानात आली.

मास्तर तेव्हा तरुण होते आणि स्वतःच्या हातावर भारी खूश होते. त्यांनी कागदावर तिच्या पायांची रेघ काढली, घट्ट लाकूड निवडले आणि आम्हांला कोरले. बूट झकास बसले. पण दोन दिवसांनी भिंगरीने ते आणून टेबलावर ठेवले.

"मास्तर, हे सकाळचे बूट झाले. संध्याकाळचे कुठे आहेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे दुपारपर्यंत ते माझे असतात. मग दुसऱ्या कुणाचे तरी होतात."

मास्तरांचे तोंड एवढेसे झाले. माप सकाळी घेतले होते. दिवसभर उभे राहिले की अंगातले पाणी खाली उतरते आणि पाय फुगतो, हे साधे गणित ते विसरले होते. "उद्या ड्यूटी संपली की या," ते पुटपुटले. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा माप घेतले आणि आमच्या पाठीवर पातळ चामड्याचा एक थर चिकटवला. ती माझी पहिली पट्टी.

तिची आणखी एक अट होती. बूट वाजता कामा नयेत. "मोठ्या मिनतवारीने पोरं झोपतात हो. माझ्या टाचांनी जागी झाली तर तुम्ही येणार का अंगाई म्हणायला?" मास्तरांनी तळाला लोकरीचा जाड नमदा लावला. मग भिंगरीने परीक्षा घेतली. "डोळे मिटा. मी कुठे आहे ते बोटाने दाखवा." मास्तरांनी खिडकीकडे बोट दाखवले. ती त्यांच्या पाठीमागे उभी होती. बूट पास! तेव्हापासून प्रत्येक नव्या जोडाची हीच परीक्षा झाली. मास्तर नापास झाले की दोघे लहान मुलांसारखे हसत.

वर्षे गेली तसा तिचा पाय बदलला आणि मीही बदललो. अंगठ्याशी हाड वर आले, तिथे मला एक पट्टी लागली. एकदा खाटेवरून पडणाऱ्या मुलाला झेलायला ती धावली आणि खाटेच्या लोखंडी चाकावर तिची करंगळी आपटली. मूल वाचले, करंगळी मोडली. "खाटेला काही झालं नाही ना, ते विचारून आलेय," ती मास्तरांना म्हणाली. करंगळीशी आणखी एक पट्टी.

निवृत्तीनंतर ती घोट्याला सूज घेऊन आली, तिथेही मला एक पट्टी लागली. मास्तर म्हणाले, "आता कशाला बिनआवाजी बूट? आता काय घरातल्या मांजराला झोपवणार?"

"वॉर्डातच जाणार. पगार नाही, म्हणून औषधं नाही देणार. नुसत्या गोष्टी सांगणार."

आणि ती जात राहिली. शेवटच्या आजारपणापर्यंत.

मित्रांनो, आमच्या दुकानाचा एक नियम आहे. गिऱ्हाईक कायमचे गेले की त्याच्या फर्म्यावरच्या पट्ट्या सोलायच्या, लाकूड घासायचे आणि दुसऱ्या पायासाठी वापरायचे. चांगले लाकूड वाया घालवायचे नसते. नियम मला मान्य होता. तरी भिंगरी गेल्यावर मास्तरांनी मला खुंटीवरून काढले, तेव्हा मी धास्तावलो. तिच्या चालण्याचा आकार आता फक्त माझ्यापाशी उरला होता. पट्ट्या गेल्या की तो आकारही जाणार होता. मास्तरांनी सुरी उचलली. थोड्या वेळाने खाली ठेवली. असे कितीतरी वेळा झाले.

मग हॉस्पिटलातून निरोप आला. वॉर्डाच्या जेवणघरात तिची आठवण काढायला सगळे जमणार होते. मास्तर मला पिशवीत घालून गेले. तिथे सगळे ज्यांना मामा म्हणत ते वॉर्डबॉय होते, भिंगरीची जुनी सोबतीण असलेल्या मोठ्या सिस्टर होत्या आणि तिची तरुण भाचीही होती. ती सोमवारपासून त्याच वॉर्डात कामाला लागणार होती. एकेक जण उठून गंभीर चेहऱ्याने बोलत होता. त्यागी, सेवाभावी, थोर. मास्तरांची पाळी आली.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले आणि मला टेबलावर ठेवले. "हा तिचा पाय."

मामा दचकले. "अहो, जेवणाच्या टेबलावर?"

सगळे फिसकन हसले. मग मास्तरांनी एकेका पट्टीवर बोट ठेवून गोष्ट सांगितली. सकाळचे बूट. खाटेची चौकशी. मांजर. मोठ्या सिस्टर हसता हसता डोळे पुसू लागल्या. "खरंय! सेवाभावी कसली, चहाटळ होती नुसती!"

शेवटी मास्तर हळूच म्हणाले, "लोक विचारतात, ती आता नाही, दुकानात चुकल्यासारखं वाटतं का? मी डोळे मिटून बसतो. पावलांचा आवाज येत नाही. पण तिच्या पावलांचा आवाज कधी येतच नव्हता. मग ती नाही, असं मी कशावरून म्हणू?"

भाची पुढे आली आणि तिने मला हातात घेतले.

"काका, या सगळ्या पट्ट्यांच्या खाली काय आहे?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. "तुझ्या वयाची तुझी आत्या."

तिने बुटातून डावा पाय काढला. बोटे चेंगरून लाल झाली होती. उजव्या बुटात तिने कापूस कोंबला होता. घराण्याचा पाय तो, लपतो कुठे!

"सोमवारी सकाळी येऊ का मापाला?" तिने विचारले.

"सकाळी?" मास्तर केवढ्याने तरी ओरडले. "एक चूक एका जन्मात पुरे! दिवसभर वॉर्डात पळ, पाय दुखवून घे आणि संध्याकाळी ये."

सोमवारी संध्याकाळी मास्तरांनी माझ्या पट्ट्या सोलल्या. करंगळीची मोठ्या सिस्टरनी मागून नेली. बाकीच्या मास्तरांच्या खिशात गेल्या. मला वाटले होते, मी रिकामा होईन. पण खाली कोरा ठोकळा नव्हता. तिथे नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली भिंगरी होती, चामड्याखाली झाकून राहिलेली. भाचीचा पाय तिच्यापेक्षा किंचित रुंद भरला. मास्तरांनी मला एक छोटी नवी पट्टी लावली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्यांचे बूट एकदा उलटे करून पाहा. टाच कुठे झिजली आहे, शिवण कुठे फुगली आहे, ते नीट बघा आणि का, ते त्यांनाच विचारा. ती गोष्ट ते आपण होऊन सांगणार नाहीत. आणि बूट पुसून जागेवर ठेवा. ते कुणासाठी तरी चालले आहेत.

मी मजेत आहे. परवाच नवा जोड तयार झाला. भाचीने तो घातला आणि ती म्हणाली, "काका, डोळे मिटा. मी कुठे आहे?"

मास्तरांनी बराच वेळ कान दिला. मग मोठ्या खात्रीने दाराकडे बोट दाखवले.

ती माझ्या खुंटीपाशी उभी होती.